आधी हजेरी घे

प्रिय,

पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतरच्या सकाळी, पेपर वाटायच्या आधी, एका मुलाने वर्गादेखत दुसऱ्याला "तुमच्या लोकांनी मारलं" म्हटलं आणि तू गप्प झालीस, हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. तुझा राग आला म्हणून नव्हे. मीही अशीच गप्प बसले होते.

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. त्यानंतर आमची शाळा भरली ती सोमवारी. सीएसटीवर गोळीबार झाला होता आणि माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील रोज तिथूनच गाडी पकडायचे. मी फळ्यावर तारीख लिहिली आणि धडा काढायला सांगितला. मुलांना आणखी त्रास नको, असं वाटलं. मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरचा एक मुलगा एकटाच डबा खात होता. शेजारच्याने दप्तर उचलून जागा बदलली होती. मी ते पाहिलं आणि स्टाफरूममध्ये गेले.

तू पेपरनंतरचा अर्धा तास मागून घे. आधी हजेरी घे, सावकाश, एकेकाकडे बघत. मग विचार, "काय काय ऐकलंत?" व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बाहेर येईल, येऊ दे. मग खरं तेवढं तू सांग. २२ एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ जण गेले, त्यांतले सहा महाराष्ट्रातले, तिघे डोंबिवलीचे. धर्म विचारून मारलं, हेही लपवू नकोस. मुलांनी ते घरी ऐकलेलं आहे, तू टाळलंस तर तुझ्या बाकीच्या बोलण्यावर ती विश्वास ठेवणार नाहीत. पर्यटकांना वाचवायला धावलेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह तिथेच मारला गेला, तेही सांग. मात्र ज्याला ते ऐकावं लागलं त्या मुलाच्या बाजूचा पुरावा म्हणून नको. त्याला निर्दोष ठरवायला आदिल कशाला हवा? तो सहावीत आहे. त्याला उभं करून "तुला काय वाटतं" असं तर मुळीच विचारू नकोस.

बोलणाऱ्या मुलाला वेगळं घे. तोही घाबरलेला असेल, घरी दिवसभर टीव्ही चालू असेल. पण हे वाक्य माझ्या वर्गात चालणार नाही, हे स्पष्ट सांग आणि ते सगळ्यांसमोरही सांग, कारण ऐकलं सगळ्यांनी होतं.

निकालाच्या दिवशी त्या दुसऱ्या मुलाची आई प्रगतिपुस्तक घ्यायला येईल. तिला गाठ. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं" एवढं म्हण. मला ते म्हणायचं होतं, पण माझ्या वर्गातल्या त्या मुलाचा दाखला सुट्टीतच नेला होता.

तुझी,
बाई