मनोऱ्याच्या कडेला फुटलेली आकडी

प्रश्न (नाशिक) : जर्मनीतल्या कोलोन कॅथीड्रलच्या मनोऱ्यांच्या कडांना वरपर्यंत काटे उगवल्यासारखे दिसतात. ते काय असतं?

काटे नव्हेत, दगडी पानं. इंग्रजीत त्यांना क्रॉकेट म्हणतात. गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या शैलीतल्या इमारतीत तिरपी कड आली, की तिच्यावर ठरावीक अंतराने ही पानं आलीच : मनोऱ्याचं निमुळतं टोक असो की दारावरचा त्रिकोण. कोलोनचे मनोरे 157 मीटर उंच, त्यामुळे खालून काटेच दिसणार. कॅथीड्रलसमोर मनोऱ्याच्या टोकावरच्या फुलाची पूर्ण मापाची प्रतिकृती जमिनीवर ठेवली आहे, साडेनऊ मीटर उंच. तिच्याशेजारी उभं राहिलं की वरच्या ‘नाजूक’ नक्षीचं खरं माप कळतं. हे टोकावरचं फूल म्हणजे फिनिअल. क्रॉकेट कडेवर चढतात, फिनिअल शेंड्यावर बसतं. आणि हो, काम मध्ययुगीन आराखड्यावरून झालेलं असलं, तरी मनोरे पूर्ण झाले 1880 मध्ये. तिथली वरची बरीचशी पानं एकोणिसाव्या शतकातली आहेत.

प्रश्न (पुणे) : क्रॉकेट, क्रोके हा खेळ आणि क्रोशाचं विणकाम, नावं इतकी सारखी कशी?

एकाच घरातली आहेत. जुन्या फ्रेंचमध्ये ‘क्रोक’ म्हणजे आकडा. हा शब्द उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आला. लहान आकडा तो पॅरिसकडे ‘क्रोशे’, नॉर्मंडीत ‘क्रोके’. इंग्लंडवर नॉर्मनांचं राज्य होतं, म्हणून तिथल्या पाथरवटांच्या तोंडी नॉर्मन रूप बसलं. क्रोशाच्या सुईचं टोक आठवा, म्हणजे सुरुवातीच्या क्रॉकेटचा आकार डोळ्यांपुढे येईल. जर्मनांना मात्र आकडा दिसलाच नाही. त्यांच्याकडे याचं एक नाव ‘सरपटणारं फूल’ अशा अर्थाचं आहे, आणि मला तेच जास्त आवडतं.

प्रश्न (मडगाव) : मग आमचे क्रोकेट्स?

ते नात्यात नाहीत. खायचे क्रोकेट्स फ्रेंच ‘क्रोके’ या क्रियापदावरून आले, म्हणजे कुरकुरीत चावणं. उच्चार जुळला, एवढंच.

प्रश्न (कोल्हापूर) : क्रॉकेट हे नेमकं कोणतं फूल? आणि त्याचा उपयोग काय? कामगार त्यावर पाय ठेवून चढायचे, असं ऐकलं.

सुरुवातीला कोणतंच नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस क्रॉकेट म्हणजे नेच्याच्या कोवळ्या कोंबासारखी आत वळलेली नुसती गुंडाळी. इंग्लंडमध्ये लिंकन कॅथीड्रलच्या 1192 साली सुरू झालेल्या भागात तर ती खांबाच्या बारीक दांड्यांमधून उभी रांग धरून चढते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागिरांना खऱ्या झाडांचा नाद लागला. इंग्लंडमधल्याच साउथवेल मिन्स्टर या चर्चच्या सभागृहात ओक, द्राक्ष, आयव्ही अशी पानं नावानिशी ओळखू येतात. क्रॉकेटही मग पानाफुलांचं झालं. पुढे पंधराव्या शतकात ते पसरट, चौकोनी आणि काहीसं साचेबद्ध होत गेलं. म्हणून क्रॉकेट पाहून बांधकामाच्या काळाचा अंदाज बांधता येतो. पण नंतरची डागडुजी फसवते, तेव्हा पैज लावू नका.

उपयोग म्हणाल, तर डोळ्यांसाठी. आकाशाच्या पार्श्वभूमीवर सरळ कड कोरडी दिसते. क्रॉकेटमुळे ती फुटते आणि नजर टप्प्याटप्प्याने वर जाते. पायऱ्यांची गोष्ट मला पटत नाही. बांधकाम परांचीवरून होत असे, आणि पुढे आलेल्या कोरीव पानावर कुठला शहाणा गवंडी आपला भार टाकेल?

प्रश्न (डोंबिवली) : मुंबईच्या गॉथिक इमारतींत काय पाहावं?

मान वर करण्याआधी खांबांचे माथे पाहा. गॉथिकमध्ये ही आकडी कडेइतकीच खांबाच्या माथ्यावरही रमते : चारी कोपऱ्यांत एकेक वळलेलं पान. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या सजावटीत जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, आणि त्या पानाफुलांत इथले प्राणी-पक्षीही शिरलेत. राजाबाई टॉवर (1878) त्यानंतर पाहा. त्याचा वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट भारतात कधी आलाच नाही; लंडनहून आलेल्या नकाशांवरून दगड घडवला तो इथल्या हातांनी. टॉवरसाठी दुर्बीण न्या.