गोव्यात स्पोर्ट काइट ठेवायला आणि न्यायला कशी पिशवी घ्यावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पर्वरीला फ्लॅटमध्ये राहता. दोन दोऱ्यांचे दोन डेल्टा, म्हणजे त्रिकोणी पंखांचे, आणि चार दोऱ्यांचा एक असे तीन स्पोर्ट काइट, म्हणजे दोऱ्या ओढून हवे तसे वळवायचे पतंग, आहेत. स्कूटरवरून कधी मिरामारला, कधी मोरजीला जाता. जानेवारीत अहमदाबादच्या महोत्सवालाही जायचं मनात आहे. पतंगांबरोबर आलेल्या पातळ पिशव्या आता उसवल्या आहेत, म्हणून सगळ्याला पुरेल अशी एकच चांगली पिशवी हवी आहे. पतंगांबरोबर सिलिका जेल टाकावं का, हेही विचारलंय.

अशी पिशवी मिळणार नाही, आणि कुणी विकली तरी घेऊ नका. स्कूटरवर जी पिशवी लागते ती घट्ट आणि धक्के खाणारी. घरात, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात, लागते ती हवा खेळू देणारी. विमानात टाकायला तर पिशवी नकोच, नळकांडं हवं. ही तिन्ही कामं एकाच पिशवीकडून करून घ्यायला गेलं की ती जाड, महाग आणि बंद होते आणि आत पतंग कुबट होतो. म्हणून प्रत्येक पतंगाला एक पातळ खोळ कायमची द्या आणि बाहेरचं आवरण कामाप्रमाणे बदला. खर्च कमीच येतो.

आधी टेप घ्या आणि मोजा. सव्वादोन-अडीच मीटर पंखांचा डेल्टा असेल तर त्याची पुढची कड, म्हणजे लीडिंग एज, साधारण १६० ते १६५ सेंटिमीटर भरते. ती दांडी मध्ये फेरूलवर, म्हणजे छोट्या जोडनळीवर, जोडलेली असते. तिथून सुटी केली की गुंडाळी ८५ ते ९० सेंटिमीटरवर येते. दुकानात दिसणाऱ्या बहुतेक पिशव्या या आखूड मापाच्या. माझं मत असं की घरी आणि समुद्रावर जाताना लीडिंग एज सुटी करूच नये, फक्त आडव्या दांड्या काढाव्यात. दर वेळी फेरूल ओढून काढली की त्या जोडाशी कार्बनचं टोक झिजतं, आणि आपल्याकडे त्यात बारीक रेती जाते. रेती आणि वाळलेलं मीठ एकत्र आलं की जोड असा अडकतो की दोघांनी ओढावा लागतो. फेरूल ॲल्युमिनियमची असेल तर आणखी वाईट, कारण कार्बनला चिकटून खारं पाणी लागलं की ॲल्युमिनियम भराभर खाल्लं जातं. पण तुमचं वाहन स्कूटर आहे, आणि पावणेदोन मीटरचं लांबडं घेऊन पर्वरीच्या हायवेवर जाणं मी सांगणार नाही. तेव्हा तुम्हाला आखूड मापच घ्यावं लागेल. फक्त निघण्याआधी जोड फडक्याने पुसायची सवय ठेवा.

आता खोळ, कारण खरी मेख इथेच आहे. लोक पॉलिथीनची निवडतात, कारण पतंग दुकानातून तिच्यातच आलेला असतो. ती दुकानातून घरापर्यंतच. संध्याकाळी समुद्रावरून परतताना कापडात ओल असते, हाताला लागली नाही तरी असते. नायलॉन दमट हवेत वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. तुमचं कापड नायलॉन असेल तर पॉलिथीनमध्ये ते पाणी कोंडलं जातं आणि चार दिवसांत काळे ठिपके येतात. बुरशी नायलॉन खात नाही, त्यावरचा घाम आणि मळ खाते, पण डाग मात्र जात नाहीत. शिवाय बऱ्याच रिपस्टॉपवर, म्हणजे पतंगाच्या या चौकटी विणीच्या कापडावर, पॉलियुरेथेनचा लेप असतो. तो ओल आणि उष्णता सतत लागली की सुटतो आणि चिकट होतो. जुन्या रेनकोटचं अस्तर हाताला चिकटतं ना, तेच हे. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही.

दुसरा सल्ला तुम्हाला मिळेल तो सुती खोळीचा. पुण्यात किंवा नाशकात तो ठीक आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सुती कापड स्वतःच बुरसतं आणि आतल्या पतंगाला वास देतं.

मी सुचवेन ते असं: छत्रीच्या कापडाची लांब नळी, आणि तिचं एक टोक वीतभर मच्छरदाणीच्या जाळीचं. हसू नका. जाळीतून हवा खेळते, आणि खोळ जाळीकडून खाली धरून झटकली की रेती आपोआप गळते. दोन्ही कापडं म्हापशाच्या बाजारात सहज मिळतात आणि शिवायला कोणत्याही शिंप्याला अर्धा तास पुरतो. त्याला मोजून माप द्या. लांबी गुंडाळीपेक्षा १० सेंटिमीटर जास्त आणि रुंदी अशी की पतंग घसरत आत जावा, ढकलावा लागू नये. तोंडाला नाडी. चेन नको, कारण धातूची चेन खाऱ्या हवेत हिरवी पडून अडकते आणि प्लॅस्टिकची चालली तरी तिच्या दातांत कापडाची कड सापडते. वेलक्रो तर मुळीच नको. त्याची आकड्यांची बाजू रिपस्टॉपवर घासली की धागे उपटते, आणि ब्रायडलच्या, म्हणजे पतंग आणि उडवायची दोरी जोडणाऱ्या, दोऱ्या त्यात गुंतल्या की त्या सोडवण्यातच वारा निघून जातो. कंपनीच्या पिशव्यांवर वेलक्रो का लावतात हे कोडं मला सुटलेलं नाही.

खोळीत घालताना गुंडाळायची पद्धतही बघा, कारण खोळ कितीही चांगली असली तरी पतंग वाकडा गुंडाळला तर उपयोग नाही. स्टँडऑफ, म्हणजे कापडाला पोट देणाऱ्या त्या बारीक दांड्या, आडव्या दांडीकडून सोडवा आणि मधल्या कण्याला समांतर झोपवा. तशाच उभ्या ठेवल्या की त्या कापडाला आतून टोचत राहतात आणि तिथेच पुढे भोक पडतं. ब्रायडल सैल ठेवून दोन पंखांच्या मधल्या घडीत ठेवा. मग दोन्ही लीडिंग एज एकमेकींवर आणून कण्याकडे गुंडाळत या. घट्ट आवळू नका. काढलेल्या आडव्या दांड्या मात्र पतंगाच्या आत गुंडाळू नका, त्यांची टोकं कापड घासतात. त्यांना वायरिंगसाठी मिळणारा २५ मिलिमीटरचा कॉन्ड्युट पाइप घ्या, एका टोकाला कायमचं बूच आणि दुसऱ्याला काढता येणारं. जादा दांड्याही त्यातच ठेवायच्या. तडकलेली कार्बनची दांडी असेल तर तिच्यावर आधी चिकटपट्टी गुंडाळा, तिचे तंतू बोटात गेले तर दिसतही नाहीत आणि निघतही नाहीत.

स्कूटरसाठी बाहेरचं आवरण विकत घ्यायचं तर पतंगाच्या दुकानात जाऊ नका, क्रिकेटच्या दुकानात जा. क्रिकेटच्या नियमांप्रमाणे बॅट ९६.५ सेंटिमीटरपेक्षा लांब असू शकत नाही, आणि किटबॅगा त्या मापाने शिवलेल्या असतात. म्हणजे तुमची ९० सेंटिमीटरची गुंडाळी बरोबर बसते. खांद्यावर घ्यायचे पट्टे, बाजूला कप्पे, खाली जाड तळ, सगळं आयतं. चाकांची बॅग घेऊ नका, रेतीत चाकं चालत नाहीत आणि दांडा उगाच वजन वाढवतो. योगा मॅटची पिशवी सुंदर दिसते, पण आखूड पडते. ट्रायपॉडची चांगली असते, पण तीन पतंग मावत नाहीत. मोरजी-आश्वे भागात काइटसर्फिंगवाल्यांच्या मोठ्या पाठपिशव्या दिसतील. त्या हवा भरायच्या पतंगांसाठी असतात, दांड्यांच्या पतंगांसाठी नाहीत. बिनदांड्यांचा फॉइल पुढेमागे घेतलात तर मात्र कोणतीही सॅक चालेल, त्याचा विचारच करावा लागत नाही.

स्कूटरवर बॅग पाठीला उभी लावा, तिरकी नको. तिरकी असली की दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर येते आणि कदंबा बस शेजारून गेली की जीव जातो. पायाजवळ आडवी तर अजिबातच नको.

दोऱ्या पतंगाच्या खोळीत ठेवू नका. त्या डायनिमा नावाच्या मजबूत कृत्रिम धाग्याच्या असतील. त्या स्वतः पाणी पीत नाहीत, पण विणीत खारं पाणी आणि रेती धरून ठेवतात, आणि वाइंडरचा, म्हणजे दोरी गुंडाळायच्या पट्टीचा, कोपरा कापडाला लागत राहतो. त्यांना जाळीची वेगळी थैली द्या. भाजी ठेवायला मिळते तीही चालते. आठवड्यातून एकदा वाइंडरसकट गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून सावलीत वाळवा. इस्त्री, गरम सायलेन्सर यांच्यापासून लांब ठेवा. डायनिमा १४५ ते १५० अंशांच्या दरम्यान वितळतो आणि त्याच्या बराच आधी कमजोर होतो. जमिनीत रोवायचा लोखंडी खुंटा सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात ठेवा. त्याच्या गंजाचा डाग पांढऱ्या कापडावरून कुठल्याच साबणाने जात नाही.

आता पावसाळा. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. समुद्रावरचा तो वारा स्पोर्ट काइटच्या कामाचा नसतो, तेव्हा पतंग घरातच राहणार. मे महिन्यात घरोघरी पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, धांदल चालते, त्याच दिवसांत पतंगांचंही उरकून टाका. गोड्या पाण्याने धुवायचे, साबण लागलाच तर अगदी सौम्य, आणि सावलीत, पंख्याखाली, पूर्ण वाळेपर्यंत लटकवायचे. उन्हात वाळवू नका. रिपस्टॉपचं आयुष्य सर्वांत जास्त खाणारी गोष्ट ऊनच आहे. लीडिंग एजच्या शिवणीत रेती साठते, तिथे नाक खाली करून हलक्या हाताने ठोका.

मग ठेवायचे कुठे? माळ्यावर नको, तिथे उकाडा आणि ओल दोन्ही. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकून नको, ती भिंत जुलैत घामाघूम असते. बंद गाडीत तर कधीच नको. आतल्या भिंतीवर दोन खिळे ठोकून खोळी आडव्या टांगा, जाळीचं टोक उघडं. दांड्या दोन ठिकाणी टेकल्या पाहिजेत, म्हणजे मध्ये झोळ येत नाही. कापडाच्या ताग्याची पुठ्ठ्याची नळी कुणी फुकट देईल, पण पुठ्ठा ओल धरतो आणि वाळवीला आमंत्रण देतो.

सिलिका जेलबद्दल विचारलंच आहे तर, उघड्या खोळीत ते टाकणं म्हणजे पैसे टाकणं. अख्ख्या पर्वरीची हवा ते सुकवू शकत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यातच त्याचा उपयोग, आणि तोही पतंग आत जाताना कोरडा असला तरच. कपाटात ठेवायचे ओल शोषणारे प्लॅस्टिकचे डबे मिळतात, ते पतंगाशेजारी ठेवू नका. त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं, ते हवेतलं पाणी ओढून स्वतः द्रव होतं, आणि डबा कलंडला तर ते खारट पाणी थेट कापडावर. दर पंधरवड्याला पाऊस उघडला की पतंग खोळीतून काढून तासभर पंख्याखाली पसरणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. चवथीनंतर ऊन पडायला लागलं की मग चिंता नाही.

राहिलं अहमदाबाद. रेल्वेने जाणार असाल तर क्रिकेटची बॅग खालच्या बर्थखाली सरकवा, काम झालं. विमानाने जाणार असाल तर पीव्हीसीचा ११० मिलिमीटरचा सांडपाण्याचा पाइप, मीटरभर कापून, दोन्ही टोकांना बूच. वजन एक-दीड किलो. त्यात एक पतंग सैल किंवा दोन जरा घट्ट बसतात. चार दोऱ्यांच्या पतंगाची लीडिंग एज तीन तुकड्यांची असेल तर तो आणखी आखूड होतो, सुटकेस तेवढी लांब असेल तर त्याला तिच्यातच कपड्यांच्या मध्ये गुंडाळा, मग नळकांड्याची गरज नाही. बहुतेक विमान कंपन्यांत लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरपर्यंत नेहमीचं सामान मानतात. तुमचं नळकांडं १२५ च्या आत येतं. लीडिंग एज न सोडता नेलंत तर नुसती लांबीच १६० च्या पुढे जाते आणि काउंटरवर वाद होतो, म्हणून इथेही ती सोडवूनच न्या. दांड्या केबिनमध्ये नेऊ द्यायच्या की नाही हे तपासणीवाल्याच्या हातात असतं, त्यावर भरवसा ठेवू नका. बुचं चिकटवू नका, तपासणीला उघडावी लागतात. चिकटपट्टीचे दोन वेढे द्या आणि पट्टीचा रोल खिशात ठेवा.

आणि तिथून निघताना पतंग गुंडाळण्याआधी दोन्ही बाजूंनी हात फिरवून बघा. उत्तरायणाच्या दिवसांत मैदानभर काचेच्या मांज्याचे तुकडे पडलेले असतात. त्यातला एखादा घडीत राहिला तर अख्ख्या प्रवासात तो रिपस्टॉपवर करवतीसारखा चालतो. डायनिमाच्या दोऱ्याही वाइंडरवर घेताना बोटांतून सोडत घ्या, कुठे खरखरीत लागलं तर तेवढा भाग घरी येऊन कापून टाका आणि दुसरी दोरीही तेवढीच आखूड करा.