कुलगुरू बदलतात, तेव्हा विद्यापीठात काय उरतं?

विद्यापीठाचा कारभार कसा सुधारावा, यावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. लालबागपासून युगांडातल्या कंपालापर्यंतची पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच होता, की चांगला कुलगुरू मिळाला म्हणजे सगळं मार्गी लागेल. मी तीस वर्षं विद्यापीठ प्रशासनात काढली, त्यातली बारा परीक्षा विभागात. चांगला कुलगुरू हवाच. पण मला जास्त काळजी वाटते ती त्यांच्या खालच्या दोन-तीन पायऱ्यांची. आजची बरीचशी उत्तरं फिरून तिथेच येतील.

प्रश्न : २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले, तेव्हा सगळे कम्प्युटरला दोष देत होते. माझा मुलगा यंदा पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. खरं कारण काय होतं, आणि तसं पुन्हा होणार नाही कशावरून?
— एक पालक, लालबाग

त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने सगळ्या विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं. परीक्षा ४७७ आणि उत्तरपत्रिका १७ लाखांहून जास्त. निकाल फार तर ४५ दिवसांत लावावा, असं कायदा सांगतो. तो लागेना, म्हणून कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, ३१ जुलैची मुदत घालून दिली. तीही हुकली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात हे पहिल्यांदाच घडलं.

पडद्यावर तपासणी ही कल्पना मुळात वाईट नाही. गुणांची बेरीज चुकत नाही, गठ्ठे इकडून तिकडे न्यावे लागत नाहीत. चुकलं ते एवढंच, की सगळं एकाच हंगामात करायला घेतलं. कागदी पद्धतीत कॅप केंद्रावरचा, म्हणजे उत्तरपत्रिका तपासतात तिथला, शिपाईसुद्धा कुठला गठ्ठा कोणत्या कपाटात आहे ते सांगू शकतो. नव्या पद्धतीत मुख्य उत्तरपत्रिका, तिच्या पुरवण्या, त्यांवरचे बारकोड, स्कॅनिंग, शिक्षकाचं लॉगिन, या साखळीची एक कडी सुटली की विद्यार्थ्याचा निकाल राखीव, म्हणजे रोखलेला! आणि ती कुठे सुटली हे सांगणारा माणूस अजून तयार झालेला नसतो.

असे निर्णय होतात, तेव्हा खालच्या कुणालाच धोका दिसत नाही असं नसतं. परीक्षा विभागात वीस वर्षं घालवलेल्या माणसाला तो पहिल्या बैठकीतच दिसतो. पण टिपणीत ‘या मुदतीत हे शक्य नाही’ असं लिहिणाऱ्यावर नकारात्मक वृत्तीचा शिक्का बसतो, म्हणून तो ‘आदेशार्थ सादर’ एवढंच लिहितो आणि फाइल वर पाठवतो. ज्या कार्यालयात ‘शक्य नाही’ हे दोन शब्द लिहायची सोय नाही, तिथे कितीही हुशार माणूस वर बसवला तरी त्याला खरी परिस्थिती कळणार नाही.

पुन्हा होणार नाही अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. पण नवी पद्धत जाहीर झाली की दोन गोष्टी विचारा. आधी एका विद्याशाखेत एक हंगाम ती चालवून पाहिली का? आणि ती कोलमडली, तर जुन्या पद्धतीने काम पुढे नेण्याची तयारी ठेवली आहे का? हे विचारायचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : पाळीप्रमाणे यंदा विभागप्रमुखपद माझ्याकडे आलं. संशोधन आणि शिकवणं एवढंच मला येतं. आता रोज सह्या, बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाचा तक्ता), तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची बिलं. हे कुणी शिकवलंच नाही. सुरुवात कुठून करू?
— विभागप्रमुख, कलिना

तुमच्या पत्रानं मला माझा पहिला दिवस आठवला. एका शैक्षणिक संस्थेत एका कक्षाचा कार्यभार माझ्याकडे आला, तेव्हा आधीचे अधिकारी निवृत्त होऊन महिना झाला होता. एका कपाटाची किल्ली सापडत नव्हती. शेवटी कुलूप तोडलं, तर आत तीन वर्षांच्या लेखापरीक्षणाचे आक्षेप, एकाचंही उत्तर दिलेलं नाही. त्या गृहस्थांना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याही हातात कुणी काही लिहून दिलं नव्हतं.

म्हणून पहिला आठवडा तुमच्या विभागातल्या ज्येष्ठ लिपिकाबरोबर बसा. खुर्ची घेऊन त्यांच्या टेबलापाशी बसा, त्यांना केबिनमध्ये बोलावू नका. वर्षभरात कोणत्या तारखा टळू शकत नाहीत, ते विचारा. अभ्यास मंडळाची बैठक कधी, पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे प्रगती अहवाल कधी, कोणतं अनुदान ३१ मार्चच्या आत खर्च झालं नाही तर परत जातं. या तारखा एका कागदावर मांडल्या की निम्मी भीती जाते. आणि त्याच दिवशी एक वही सुरू करा, तुमच्यानंतर येणाऱ्या विभागप्रमुखासाठी. कोणता निर्णय का घेतला, कुणाला काय शब्द दिला, कुठली फाइल कुठे अडकली आहे, हे लिहीत चला.

खरी अवघड गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण ती तुम्हाला लवकरच भेटेल. आज ज्या सहकाऱ्याला तुम्ही ‘नाही’ म्हणाल, तोच उद्या पाळीने तुमचा विभागप्रमुख होणार आहे. त्यामुळे पाळीचे विभागप्रमुख सगळ्यांना ‘हो’ म्हणत तीन वर्षं काढतात आणि वेळापत्रकाचा सगळा भार सर्वांत तरुण शिक्षकावर पडतो. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला आहे. तासिकांची वाटणी, सुट्ट्या, प्रयोगशाळेचा वापर यांचे नियम वर्षाच्या सुरुवातीला सर्वांच्या बैठकीत ठरवायचे आणि त्या बैठकीचं इतिवृत्त आठवड्याच्या आत सगळ्यांना पाठवायचं. मग ‘नाही’ तुम्ही म्हणत नाही, सर्वांनी मिळून केलेला ठराव म्हणतो.

प्रशिक्षणाचं म्हणाल, तर सोयी आहेत. जर्मनीची ‘डाड’ ही संस्था तिथल्या विद्यापीठांच्या कुलगुरू परिषदेसोबत विकसनशील देशांतल्या अधिष्ठात्यांसाठी (डीनसाठी) अभ्यासक्रम चालवते. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘लीप’ हा तीन आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्यातला एक आठवडा परदेशी विद्यापीठात. दिल्लीची ‘नीपा’ ही संस्था तर शैक्षणिक प्रशासनासाठीच आहे. संधी मिळाली तर जरूर जा. पण ही सगळी दारं वरच्या पायऱ्यांसाठी उघडतात, आणि तेही बहुधा पद हाती आल्यावर. पद येण्याआधी वर्षभर उपप्रमुख म्हणून शेजारी बसून काम पाहता आलं असतं, तर तुम्हाला हे पत्र लिहावं लागलं नसतं. तुमच्या विभागात ही प्रथा तुम्हीच सुरू करा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेचे सचिव परस्पर शिक्षकांना फोन करून वेळापत्रक बदलायला सांगतात. मी प्राचार्य नावापुरतीच. भांडावं की गप्प राहावं?
— प्राचार्या, डोंबिवली

दोन्ही नको. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिने वर्षातून किमान चार वेळा भेटायचं असतं. अध्यक्ष संस्थेचे, पण सदस्य-सचिव प्राचार्य. म्हणजे विषयपत्रिका आणि इतिवृत्त तुमच्या हातात आहे. बऱ्याच ठिकाणी ही समिती महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम यायच्या वर्षीच जागी होते, ही दुःखाची गोष्ट आहे. तुम्ही ती वेळच्या वेळी बोलवा आणि वेळापत्रक, नेमणुका, शुल्क हे विषय तिथेच आणा. सचिवांना मानानं बोलवा, त्यांचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवा. इमारत, निधी, दुरुस्ती यांत त्यांचा शब्द मोठा आहे, तो मान्य करा. वर्गात काय आणि केव्हा शिकवायचं यात तुमचा शब्द मोठा, तो तुम्ही सोडू नका. फोन आला तर शिक्षकांनी एकच उत्तर द्यावं : ‘साहेब, मॅडमशी बोलून सांगतो.’

प्रश्न : मी मूळची दादरची, गेली नऊ वर्षं कंपालात शिकवते. इथे मकेरेरे विद्यापीठाच्या अनुभवाबद्दल खूप बोललं जातं. मुंबईला त्यातून काही घेण्यासारखं आहे का?
— प्राध्यापिका, कंपाला

आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. वाचकांसाठी थोडक्यात : मकेरेरे १९२२ मध्ये तांत्रिक शाळा म्हणून सुरू झालं आणि पुढे पूर्व आफ्रिकेतलं सर्वांत नावाजलेलं विद्यापीठ झालं. १९९० च्या दशकात सरकारी पैसा आटला, तेव्हा त्यांनी फी भरणारे विद्यार्थी घ्यायला सुरुवात केली, संध्याकाळचे वर्ग काढले. काही वर्षांतच अशा विद्यार्थ्यांची संख्या सरकारी खर्चावर शिकणाऱ्यांहून अधिक झाली. इमारती रंगल्या, शिक्षकांना वरकमाई मिळाली, जगभर कौतुक झालं. मग दुसरी बाजू दिसू लागली. ज्या विषयांना गिऱ्हाईक होतं ते विभाग श्रीमंत झाले, मूलभूत विज्ञानं मागे पडली, वर्ग फुगले, आणि मिळकत विभागाने ठेवायची की विद्यापीठाने, यावर वाद पेटले.

मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या महाविद्यालयात सेल्फ फायनान्सच्या तुकड्या आणि अनुदानित तुकड्या शेजारी शेजारी पाहिल्यात, तर ही गोष्ट ओळखीची वाटेल. विद्यापीठाचंही तसंच. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या शेकडो महाविद्यालयांकडून येणारं परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्क हा त्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण संलग्नता टप्प्याटप्प्याने संपवा म्हणतं. महाविद्यालयं स्वायत्त झाली की ते उत्पन्न कुठून येणार, याचं उत्तर आधी तयार हवं. मकेरेरेने पैसा आधी आणला आणि तो वाटायचे नियम नंतर शोधले. आपण तरी क्रम उलटा ठेवू या.

प्रश्न : कुलगुरू प्राध्यापकच का असावा? एखादा सनदी अधिकारी किंवा कंपनी चालवलेला माणूस हे काम जास्त चांगलं करणार नाही का?
— निवृत्त बँक अधिकारी, विलेपार्ले

आपल्या विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग हायकोर्टाचे न्यायाधीश होते. ते १८९२ मध्ये कुलगुरू झाले. चिमणलाल सेटलवाड वकील, ते १९१७ पासून १९२९ पर्यंत बारा वर्षं या पदावर होते. पण तेव्हाचं विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेणारं होतं, आजच्या पसाऱ्याशी त्याची तुलना होत नाही.

मला जास्त पटणारं उदाहरण डॉ. स्नेहलता देशमुखांचं, १९९५ ते २००० या काळातलं. त्या बालशल्यचिकित्सक आणि शिक्षिका तर होत्याच, शिवाय शीवच्या महापालिका रुग्णालयाच्या अधिष्ठाता राहिलेल्या. परिचारिका, कामगार संघटना, निवासी डॉक्टर, नगरसेवक हे सगळे रोज दारात असताना संस्था चालवण्याची सवय त्या सोबत घेऊन आल्या. पदवी प्रमाणपत्रावर आईचं नाव घालण्याचा निर्णय त्यांच्याच काळातला. सध्याच्या नियमाप्रमाणे दहा वर्षं प्राध्यापकपद किंवा तशाच शैक्षणिक, संशोधन संस्थेतला अनुभव लागतो. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उद्योग आणि लोकप्रशासनातल्या अनुभवी माणसांनाही हे पद खुलं करायचा मसुदा काढला, तेव्हा बराच वाद झाला. माझं मत विचाराल तर माणूस वर्गातून आलेलाच हवा. मात्र त्याने त्याआधी कुठली तरी संस्था चालवलेली असावी. नुसती शोधनिबंधांची यादी पाहून हे पद देऊ नये.

प्रश्न : विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) निवडणुकीत पदवीधरांनी मत देऊन काय फरक पडतो?
— पदवीधर मतदार, गिरगाव

नोंदणीकृत पदवीधरांच्या जागा दहाच आहेत. पण अर्थसंकल्पाच्या बैठकीत वसतिगृहाचा, ग्रंथालयाचा प्रश्न उघडपणे विचारायची जागा तीच आहे. ही निवडणूक पुढे ढकलत ढकलत शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर झाली, यावरूनच तिचं वजन कळावं. नोंदणी करा, मत द्या, आणि निवडून आलेल्याला वर्षातून एकदा तरी हिशेब विचारा.

प्रश्न : बावीस वर्षं नोकरी झाली. अनेक कुलगुरू पाहिले. प्रत्येक नवा माणूस नवीन योजना आणतो आणि आम्हाला कुणी काही विचारत नाही. आम्ही काय करावं?
— कक्ष अधिकारी, फोर्ट

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या कुलगुरूंची मुदत संपली. नवे कुलगुरू आले जून २०२३ मध्ये. मधल्या काळात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे इथला अतिरिक्त कार्यभार होता. आपल्या कायद्यात प्र-कुलगुरूंची मुदतही कुलगुरूंबरोबरच संपते. म्हणजे वरची फळी एकदम रिकामी होते. त्या नऊ महिन्यांत हॉल तिकिटं निघाली, पेपर झाले, पदवी प्रमाणपत्रं छापली गेली. ती तुमच्यासारख्यांनी काढली, आणि त्याबद्दल तुमचं कुणी नाव घेतलं नाही.

विचारत नाहीत हे खरं आहे, आणि ते चूक आहे. अधिष्ठात्यांना परदेशी पाठवणाऱ्या व्यवस्थेने कक्ष अधिकाऱ्यांसाठी दोन आठवडे काढायला हवेत. कुलसचिवांनी कुठलीही नवी पद्धत लागू करण्याआधी संबंधित कक्षाचं लेखी मत घ्यायला हवं, आणि ते फाइलमध्ये राहायला हवं. हे मी जिथे संधी मिळते तिथे सांगतो आणि सांगत राहीन.

पण तुम्ही ‘काय करावं’ विचारलंत, तर एक काम वाट न पाहता करता येईल. तुमच्या कक्षातलं कोणतं काम फक्त तुम्हालाच येतं? राखीव निकाल सोडवणं असेल, जुन्या एटीकेटीच्या (नापास विषय ठेवून पुढच्या वर्गात गेलेल्यांच्या) नोंदी शोधणं असेल. ते पायरी पायरीने एका कागदावर लिहा. मग शेजारच्या टेबलावर नव्याने लागलेल्या मुलीला त्या कागदावरून ते करून बघायला सांगा, तुम्ही मध्ये न बोलता. ती जिथे अडेल तिथे कागद दुरुस्त करा, आणि पुढच्या आठवड्यात दुसरं काम घ्या.