मेगरचा आकडा वाचण्याआधी काय काय जोडलेलं होतं ते बघा

तुम्ही दिलेली माहिती अशी: सोसायटीच्या बागेत १४ एलईडी बोलार्ड (जमिनीतले बुटके खांब-दिवे), पाऊस लागला की आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थला गळला की लाइन तोडणारा स्विच, पडतो. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मापायचं यंत्र; आकडा जितका मोठा तितकी गळती कमी) वायरींपासून अर्थला कोरड्या दिवशी ०.४ मेगओहम, पावसानंतर ०.०५, आणि फेज-न्यूट्रलमध्ये जवळजवळ शून्य. वायरमन म्हणतो, केबल गेली, नवी टाका, तोवर आरसीसीबी काढून डायरेक्ट करून देतो.

डायरेक्ट करू देऊ नका. त्या बागेत पोरं अनवाणी खेळतात. दिवे आठवडाभर बंद राहिले तरी चालेल.

आता आकडे. फेज-न्यूट्रलचा शून्य विसरून जा. दिवे जोडलेले असताना त्या दोन वायरी ड्रायव्हरमधून (एलईडीला वीज पुरवणारं दिव्यातलं सर्किट) आतून जोडलेल्याच असतात, त्यामुळे त्या मापाला काही अर्थ नाही. उलट ५०० व्होल्ट देऊन एखादा ड्रायव्हर मारून बसाल. दिवे जोडलेले ठेवून मापायचं असेल तर फेज आणि न्यूट्रल एकत्र पिळायचे आणि त्या जोडीपासून अर्थला मापायचं.

कोरड्या दिवसाचा ०.४ मला केबलचा वाटत नाही. बाहेरच्या दिव्यांत सर्जसाठी व्हॅरिस्टर असतो, म्हणजे व्होल्टेज फार चढलं की वाहू लागून दिवा वाचवणारा भाग. २७५ व्होल्टचा नेहमीचा व्हॅरिस्टर साधारण ४३० व्होल्ट डीसीला वाहू लागतो. तो अर्थला जोडलेला असेल तर मेगरचे ५०० व्होल्ट त्यातूनच गळणार आणि चांगली लाइनसुद्धा खराब दिसणार. मेगर २५० वर ठेवून परत माप घ्या. आकडा उडी मारून वर गेला तर केबल बिचारी निर्दोष. २५० वरसुद्धा किमान १ मेगओहम यायलाच हवा.

पावसानंतरचा ०.०५ मात्र खरा आहे, ते पाणी आहे. पण गंमत बघा: ०.०५ मेगओहम म्हणजे ५०,००० ओहम, २३० व्होल्टला जेमतेम साडेचार मिलिअँपिअर. तुमचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असेल तर तो १५ ते ३० च्या मध्ये कुठेतरी पडतो. मग साडेचारला का पडावा? कारण प्रत्येक ड्रायव्हरच्या फिल्टरमधले कपॅसिटर चालू असताना अर्थला थोडं थोडं गळत असतात, आणि मेगर डीसी असल्यामुळे ते त्याला दिसतच नाही. दिव्यामागे अर्धा मिलिअँपिअर धरला तरी १४ दिव्यांचे ७ झाले. या दोन गळत्यांची सरळ बेरीज होत नाही हे खरं, पण त्याच आरसीसीबीवर जिन्याचे दिवे आणि पंपही असेल, वर धो-धो पाऊस, तर १५ काही लांब नाही. म्हणून दुरुस्तीनंतरही बागेला स्वतंत्र आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) द्याच.

पाणी शोधायचं ते पाऊस थांबल्या थांबल्या. दोन दिवसांनी ऊन पडल्यावर मेगर घेऊन येणारे खूप पाहिलेत; तेव्हा सगळं उत्तम असतं! मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा, डीबीतून (एमसीबींच्या पेटीतून) बागेचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवा. सातव्या दिव्याचं झाकण उघडून लाइन तिथे तोडा. दोन्ही अर्धे वेगवेगळे मापा, वाईट अर्धा परत निम्म्यावर तोडा. चौथ्या खेपेला दिवा हातात येतो. बहुतेक वेळा दोष केबलमध्ये नसतोच. ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं सील) न लावता भोकातून घुसवलेली केबल, नाहीतर काळी टेप गुंडाळून मातीत पुरलेला जॉइंट. फिटिंग रात्री तापतं, पावसाच्या सरीने गार होतं आणि त्या फटीतून पाणी आत ओढून घेतं. आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) असं डब्यावर छापून काही होत नाही. झाकण उघडल्यावर मुंग्यांचं वारूळ सापडलं तरी दचकू नका.

न्यूट्रल सोडवायला मुद्दाम सांगतोय. एका सोसायटीत बागेचा एमसीबी पाडला तरी आरसीसीबी पडायचा. दोन संध्याकाळी मी फेजच शोधत बसलो. शेवटी कळलं की झाकणाच्या स्क्रूखाली न्यूट्रल चिरडून बॉडीला टेकला होता. सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडतच नाही, मग आरसीसीबी पडणार कसा नाही?

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. बोलार्डांना डीबीपासून अर्थ वायर आली आहे का, की प्रत्येकाजवळ नुसता रॉड ठोकलाय? रॉडचा रेझिस्टन्स २० ओहम धरला तर फेज बॉडीला लागल्यावर साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ चा एमसीबी ढिम्म हलणार नाही, आणि आरसीसीबीही काढलेला असला तर खांब जिवंत (करंट असलेला) राहील. लांब वायर घेऊन डीबीच्या अर्थ पट्टीपासून प्रत्येक बॉडीपर्यंत कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का ते) तपासा. दीड चौरस मिलिमीटर तांब्याला १०० मीटरला साधारण १.२ ओहम येतात, त्याहून फार जास्त आलं तर मध्ये जॉइंट सुटलाय.

सातव्या दिव्याच्या दोन्ही बाजूंचे २५० व्होल्टवरचे आकडे कळवा, आणि पाऊस थांबून किती वेळ झाला होता तेही.