पुढचं पत्र मुलीला लिहू द्या

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक आहे. मुलीनं दोनदा नीट दिली, एमबीबीएस हुकलं. तेव्हा बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, नंबर लागत होता, पण डॉक्टर व्हायचं सोडून मालिश कुठं शिकायची, म्हणून आम्ही घेतलं नाही. आता ती बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आतापर्यंत ७१ टक्के आहेत. एका एजंटनं सांगितलं, की बी.एस्सी.वर इंग्लंडमध्ये दोन वर्षांची एमएस्सी केली की फिजिओथेरपिस्ट होता येतं आणि नोकरीही तिथंच लागते. त्याच्यामार्फत एमएस्सी स्पोर्ट रिहॅबिलिटेशनचं ऑफर लेटर आलं आहे. खर्चासाठी द्राक्षबागेचा तुकडा विकायची तयारी आहे. परत आल्यावर तिला नावापुढे डॉक्टर लावता येईल ना? इथंच दोन वर्षांत एमपीटीएच (फिजिओथेरपीची मास्टर्स) होत असेल तर तेही कळवा. माझ्या आईला अर्धांगवायू झाल्यापासून मुलगीच तिचं सगळं करते. आजीला हात धरून उठवू नका म्हणून आम्हालाच ओरडते, म्हणजे आवड असावी. तिच्याकडून आता एवढं तरी व्हावं. (नाव, गाव गाळलं आहे.)

उत्तर:

सर, नमस्कार.

एजंट, ऑफर लेटर, फी या सगळ्याकडे मी येणार आहे. पण पत्र वाचताना मी अडले ती शेवटच्या वाक्यापाशी. ‘तिच्याकडून आता एवढं तरी व्हावं.’ हे वाक्य ती घरात रोज ऐकत असणार. शब्द वेगळे असतील, सूर हाच.

तुमच्याच पत्रातला हिशेब मांडते. मुलगी नीटला बसली आणि तिला फिजिओथेरपीला प्रवेश मिळत होता. तो घरानं नाकारला. घेतला असता तर आज ती तिसऱ्या वर्षाला असती आणि वॉर्डात पेशंटजवळ उभी राहू लागली असती. मग ज्या वर्षांची भरपाई तिच्याकडून मागताय, ती तिनं कुठं घालवली? ‘आम्ही घेतलं नाही’ असं तुम्ही लिहिलंय. त्या ‘आम्ही’त ती होती का? तिला तेव्हा काय हवं होतं ते पत्रात नाही, आज काय हवंय तेही नाही. तिच्या तोंडचं एकच वाक्य तुमच्या पत्रात आलंय, आणि तेही तक्रार म्हणून: आजीला हात धरून उठवू नका.

सर, मला सगळ्या पत्रात तेच वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. अर्धांगवायूत खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात. हाताचं वजन त्यांना पेलत नाही आणि सांधा खोबणीतून खाली उतरू लागतो. अशा वेळी माणसाला त्या हाताला धरून उठवलं, तर खांदा महिनोन्‌महिने ठणकत राहतो आणि मग पेशंट व्यायामालाच हात लावू देत नाही. तुमच्या मुलीला हे बहुधा घरी येणाऱ्या फिजिओनं एकदा सांगितलं असेल. तिनं ते लक्षात ठेवलं, रोज पाळलं आणि घरातल्या मोठ्यांचा राग ओढवून घेऊन त्यांच्याकडूनही पाळून घेतलं. वॉर्डातही काम हेच असतं. तंत्र कॉलेजात शिकता येतं. पण दुखणाऱ्या, चिडलेल्या, ‘उद्या करू’ म्हणणाऱ्या माणसाकडून आणि त्याच्या काळजीनं घाबरलेल्या घरच्यांकडून तेच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायला एक चिवटपणा लागतो. तो तिच्यात दिसतोय. तुम्हाला तो ओरडा वाटला.

‘मालिश’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण तीन वर्षांपूर्वीचा निर्णय त्यानंच घेतला. ज्या इंग्लंडला मुलीला पाठवायला निघालात, तिथं या व्यवसायाची संघटना १८९४ मध्ये चार परिचारिकांनी उभी केली, आणि तिचं नावच प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संस्था असं होतं. त्या काळी मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या भलत्या धंद्यांमुळे त्यांच्या कामाकडे संशयानं पाहिलं जायचं, म्हणून त्यांनी शिक्षण, परीक्षा आणि शिस्त यांनी तो शब्द धुऊन काढला. आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला झाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, कारण पोलिओ झालेली मुलं समोर होती आणि त्यांना उभं करणारी माणसं कमी होती. आज हेच लोक अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या छातीतला कफ मोकळा करायला मदत करतात, बायपासनंतर माणसाला पहिल्यांदा चालवतात, सेरेब्रल पाल्सी असलेल्या बाळाला मान धरायला शिकवतात. माझ्या आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी पंचविशीतल्या एका मुलीनं तिला वॉकर देऊन उभं केलं. आम्ही सगळे ‘नको, राहू दे’ म्हणत होतो. ती मुलगी आमच्याकडे न बघता आईच्या डोळ्यांकडे बघत मोजत राहिली. आई पुढे स्वतःच्या पायांनी घरात वावरली, ती त्या मोजण्यामुळे.

आता तुमचा गैरसमज. तो एकट्या तुमचा नाही. ‘दोन वर्षांची मास्टर्स’ या तीन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी दडल्या आहेत, आणि एजंटचा धंदा त्या सरमिसळीवर चालतो. आपल्याकडची एमपीटीएच दोन वर्षांची आहे, पण ती बीपीटीएच झालेल्यांसाठी. तिथं आधीच फिजिओथेरपिस्ट असलेला माणूस अस्थिस्नायू, मेंदू व मज्जासंस्था, हृदय-श्वसन, क्रीडा अशा एका शाखेत खोल जातो. बी.एस्सी. प्राणिशास्त्रावर तिथं प्रवेश नाही, कुठल्याही टक्क्यांवर नाही. इंग्लंडमध्ये मात्र दुसऱ्या विषयाच्या पदवीधराला फिजिओथेरपिस्ट करणारी दोन वर्षांची एमएस्सी खरोखरच आहे. तिच्या नावात किंवा माहितीत ‘प्री-रजिस्ट्रेशन’ हा शब्द असतो. एजंटचं अर्धं सत्य ते हेच. तिसरी एमएस्सी, बहुतेकदा ‘अॅडव्हान्स्ड फिजिओथेरपी’ अशा नावाची, आधीच फिजिओ असलेल्यांसाठी असते. ती केल्यानं तिथं काम करायचा परवाना आपोआप मिळत नाही. आपले कितीतरी बीपीटीएच झालेले विद्यार्थी हे फी भरल्यानंतर शिकतात. आणि चौथी आहे ती तुमच्या टेबलावर पडलेली. स्पोर्ट रिहॅबिलिटेशन हा इंग्लंडमधला वेगळा व्यवसाय आहे, त्याची संघटना वेगळी आहे. खेळाडूंच्या दुखापतींवर काम करायचं असेल तर चांगला असेल, पण तो अभ्यासक्रम पूर्ण करणारी व्यक्ती स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेऊ शकत नाही. ‘फिजिओथेरपिस्ट’ आणि ‘फिजिकल थेरपिस्ट’ ही नावं तिथं कायद्यानं राखीव आहेत. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे, म्हणजे एचसीपीसीकडे, नोंदणी असेल तरच ती लावता येतात.

म्हणजे बाग विकून तुम्ही जे घ्यायला निघालात, ते त्या कागदात नाहीच.

हे माझ्या शब्दावर मानू नका. एचसीपीसीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी आहे. तिथं व्यवसाय म्हणून फिजिओथेरपिस्ट निवडा आणि ऑफर लेटरवरचं विद्यापीठ आणि अभ्यासक्रमाचं अचूक नाव शोधा. मुलीला शेजारी बसवून शोधा. दहा मिनिटांचं काम आहे. तोवर एजंटला एक रुपयाही देऊ नका. ‘सीट जाईल’ म्हणून तो घाई करील, करू द्या.

खरी प्री-रजिस्ट्रेशन एमएस्सी कशी असते, तेही सांगते. कारण मुलीनं सगळं समजून ‘मला हेच हवंय’ म्हटलं, तर मी तिला अडवणार नाही. जागा थोड्या असतात. जीवशास्त्राशी नातं असलेली पदवी चालते, तेव्हा तिचं प्राणिशास्त्र वाया गेलेलं नाही. पण गुणांइतकंच बघतात ते फिजिओंचं काम तुम्ही जवळून पाहिलंय का, आणि मुलाखतीत त्याबद्दल स्वतःच्या शब्दांत बोलता येतं का. तिथं एजंटनं लिहून दिलेला निबंध उघडा पडतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण सात बँड लागतात. दोन वर्षांत सुमारे एक हजार तास प्रत्यक्ष रुग्णांसोबत काढायचे असतात. ते कॉलेजशेजारच्याच रुग्णालयात असतील असं नाही. पहाटेची बस पकडून दुसऱ्या गावी जायचं आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांचं गावरान इंग्रजी समजून घेत त्यांना पलंगावरून खुर्चीत आणायचं. या वेळापत्रकात दुकानात काम करून फी फेडता येईल, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

परदेशी विद्यार्थ्याला दोन वर्षांची फी आणि राहणं-खाणं मिळून खर्च पन्नास लाखांच्या सहज पुढे जातो. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला मिळणारा काळही आखडतोय: १ जानेवारी २०२७ पासून त्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या पदवीधरांना दोन वर्षांऐवजी अठरा महिने मिळतील. आणि गेल्या एक-दोन वर्षांत तिथल्याच नव्या फिजिओंना सरकारी आरोग्यसेवेत पहिली नोकरी मिळायला अडचण येतेय, असं त्यांची व्यावसायिक संघटना स्वतः सांगतेय. ‘नोकरी तिथंच लागते’ हे वाक्य एजंटकडून लेखी मागा. तो देणार नाही.

डॉक्टर लावण्याबद्दल विचारलंत. आपल्याकडे हा वाद चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं फिजिओथेरपिस्टनी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. तुम्ही या एका अक्षरासाठी बाग विकत असाल तर ते थांबवा, हे मी अगदी स्पष्ट सांगते. इंग्लंडमध्ये एमएस्सी केलेल्या फिजिओला पेशंट तिच्या नावानं हाक मारतात. तीन वर्षांपूर्वी ज्या शिक्षणाला तुम्ही मालिश म्हणालात, तेच विमानात बसलं की तुम्हाला डॉक्टरकी वाटायला लागलंय. काम तेच आहे. तुमच्या मुलीला हे दिसतं, आणि तिनं तुमच्याशी याबद्दल बोलणं सोडून दिलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

इथला रस्ता थोडक्यात: नीटला वरची वयोमर्यादा नाही, राज्यात बीपीटीएचचे प्रवेश नीटच्या गुणांवर सीईटी कक्षामार्फत होतात आणि नंतर एमपीटीएचसाठी राज्याची वेगळी सीईटी असते. बीपीटीएच साडेचार वर्षांची होती, सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात वर्षाच्या इंटर्नशिपसह ती पाच वर्षांची आहे. म्हणजे ती साधारण सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी हातात परवाना घेऊन उभी असेल. तुम्हाला हे उशिरा वाटेल. मला वाटत नाही. दोन वर्षांचा हुकलेला शॉर्टकट आणि गेलेली बाग, यापेक्षा तर नक्कीच नाही. मात्र तिसऱ्यांदा नीटला बसायचं की नाही हे फक्त तिनं ठरवायचं. दोनदा तुमच्या स्वप्नासाठी बसलेल्या मुलीला तिसऱ्यांदा कुणी ढकलू नये. तिनं नाही म्हटलं तर विषय तिथं संपला.

आता करायचं काय? बी.एस्सी.ची परीक्षा व्यवस्थित होऊ द्या. त्यानंतर तिला दोन-तीन आठवडे एखाद्या फिजिओथेरपी विभागात नुसतं बघायला पाठवा. मिरजेत मोठी रुग्णालयं आहेत, कराडला फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. परवानगीचं पत्र तिनं स्वतः लिहावं आणि विभागप्रमुखांना स्वतः भेटावं. तुम्ही बरोबर जाऊ नका. तिथं तिला कंटाळवाणा भागही दिसेल: तोच व्यायाम दिवसातून वीस जणांना सांगणं, प्रगती न होणारा पेशंट, थुंकी, लघवीचा वास, पाठदुखीनं स्वतःच वाकलेल्या सीनियर. तो पाहूनही ती दुसऱ्या आठवड्यात वेळेवर निघाली, तर बोलायला मजबूत आधार असेल. आणि नको म्हणाली तर तेही आत्ताच कळलेलं बरं. आजीची सेवा मनापासून करणाऱ्या प्रत्येक नातीला तोच व्यवसाय हवा असतो असं नाही. प्राणिशास्त्रातच तिला काही गवसलं असेल. तुम्ही तिला ते विचारलेलं मला पत्रात दिसलं नाही.

पुढचं पत्र तिचं येऊ द्या. गुणपत्रिका नको, ऑफर लेटर नको. त्या आठवड्यांत काय पाहिलं, काय आवडलं, कशाची किळस आली, एवढं तिनं तिच्या भाषेत लिहावं. ते तुम्हाला न दाखवता पाठवायची मुभा तिला द्या. इंग्लंड असो, मिरज असो की आणखी काही, मी पुढचं तिच्याशी बोलेन.

आणि सर, आजच संध्याकाळी आजीला खुर्चीत बसवायची वेळ झाली की मुलीशेजारी उभे राहा. ती हात कुठं धरते, आधार कुठं देते, आजीला पाय आधी कुठं टेकवायला सांगते, ते तिच्याकडून शिकून घ्या. ती मिरजेला जायला लागली की ते काम तुमच्याकडे येणार आहे.