डिपेंडंट म्हणून म्युनिकला येऊ का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला म्युनिकची ऑफर आहे, तो ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या राहण्याच्या परवान्यावर येतोय. तू सात वर्षं बॅकएंडवर काम केलं आहेस, मुलगी दोन वर्षांची आहे. "तिकडे आयटीत बायकांना खूप सपोर्ट असतो म्हणतात, मग मी डिपेंडंट म्हणून येऊन निवांत नोकरी शोधली तर चालेल ना?"

चालेल. फक्त त्यातलं 'निवांत' काढून टाक.

सपोर्टचं म्हणशील तर जर्मनीत तो भरपूर आहे, पण कायद्याच्या पुस्तकात. तुला काय मिळू शकतं हे ऑफिसात कुणी आपणहून येऊन सांगणार नाही. ज्या बायका विचारतात त्यांना मिळतं, ज्या वाट बघत बसतात त्या बसूनच राहतात. आपल्या मंडळींत अशा कितीतरी जणी मला भेटल्या आहेत. चांगल्या इंजिनिअर, आणि पाच पाच वर्षं "सध्या भाषा शिकतेय" म्हणणाऱ्या.

आल्या आल्या पहिली गोष्ट जाणवेल ती आजूबाजूच्या माणसांची. युरोपीय संघातल्या आयटीवाल्यांत २०२३ साली बायका होत्या १९.४ टक्के, आणि जर्मनी काही फार वेगळी नाही. आपल्याकडच्या आयटीत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जातं. त्यामुळे टीममध्ये चारपाच जणी असणं तुला इतकं सवयीचं असेल की त्याकडे तू कधी लक्षही दिलं नसशील. इथे आठदहा जणांत तू एकटी असू शकतेस. कुणी वाईट वागत नाही. पण मीटिंगच्या नोट्स कोण घेणार, नवीन माणसाला ऑनबोर्ड कोण करणार, सोडून जाणाऱ्यासाठी सह्यांचं कार्ड कोण फिरवणार, असं निघालं की नजरा आपोआप तुझ्याकडे वळतात. पहिल्याच महिन्यात "पाळीपाळीनं करूया" म्हणून मोकळी हो. इथल्या लोकांना सरळ बोललेलं झोंबत नाही. आडून सुचवलेलं मात्र त्यांच्या लक्षातच येत नाही.

आता व्हिसा. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करायची मुभा असते. ही फार मोठी सवलत आहे. पण तुझा इथला मुक्काम लग्नाला बांधलेला राहतो. स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क साधारणपणे इथे तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावर मिळतो, घरगुती हिंसेसारख्या प्रसंगी त्याआधीही. ऐकायला बरं वाटत नाही, तरी माहीत असलेलं बरं. म्हणून तुझी नोकरी लागली आणि पगार मर्यादेत बसला की स्वतःच्या नावावर ब्लू कार्ड करून घे. २०२५ सालची मर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती, आयटीसारख्या टंचाईच्या कामांसाठी साधारण ४३,७६० युरो. दर जानेवारीत ती बदलते. शिवाय ब्लू कार्डावर कायमचा परवाना २७ महिन्यांत मिळतो, आणि जर्मन बी-वन म्हणजे मध्यम पातळीचं असेल तर २१ महिन्यांत. तो तुझ्या स्वतःच्या नावावर असण्याची मजा वेगळी.

खरी गाठ पडते ती कीटाशी. कीटा म्हणजे इथलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे, जागा नाहीत. शिक्षकांचा तुटवडा, शहरं फुगलेली, त्यात म्युनिक तर विचारूच नकोस. बव्हेरियात कीटाचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं, त्यामुळे अधेमधे आलेल्यांना उरल्यासुरल्या जागांवर भागवावं लागतं.

जागा मिळाली तरी मूल लगेच दिवसभर ठेवून घेत नाहीत. आधी 'आइनगेव्योनुंग' असतं, मूल रुळवण्याचा काळ. पहिले काही दिवस आई किंवा बाबा तासभर तिथेच कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसतात. मग दहा मिनिटं बाहेर जायचं, मग अर्धा तास, मग जेवणापर्यंत. पोर रडलं की परत मागच्या पायरीवर. यात काही आठवडे सहज जातात, आणि मध्ये सर्दीखोकला झाला तर आणखी. आता सांग, नवऱ्याचा प्रोबेशन पीरियड चालू आहे, तुला नोकरी नाही, तर त्या खुर्चीवर कोण बसणार? इथेच बायकांचं पहिलं वर्ष जातं. कुणी अडवलेलं नसतं, सगळं आपोआप घडतं. त्यामुळे हे रुळवण्याचं काम कोण किती दिवस करणार, हे येण्याआधी घरातच ठरवा.

पगाराचं बोलताना भारतातला पगार सांगू नकोस. तो युरोत इतका लहान दिसतो की समोरच्याचा आकडा तिथेच खाली येतो. "या पदाची रेंज काय आहे?" हा प्रश्न आधी तूच विचार. पगाराच्या पारदर्शकतेचा युरोपीय संघाचा २०२३ चा नियमही हेच सांगतो: रेंज उमेदवाराला आधी कळवायची, जुना पगार विचारायचा नाही. सदस्य देशांनी तो आपापल्या कायद्यात आणण्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत ठरली. आणि एक निकाल लक्षात ठेव. १६ फेब्रुवारी २०२३ ला जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयानं सांगितलं की पुरुष सहकाऱ्यानं जास्त चांगली घासाघीस केली, एवढ्यावर सारख्या कामासाठी बाईला कमी पगार देता येणार नाही. दोनशेहून जास्त लोकांच्या कंपनीत, तशाच कामावर असलेल्या पुरुषांना साधारण काय मिळतं हे विचारायचा हक्क २०१७ च्या कायद्यानं दिला आहे. फार थोड्या जणी तो वापरतात.

टॅक्स क्लासची गोष्ट नीट वाच, हिच्याबद्दल कुणी बोलत नाही. दर महिन्याला पगारातून किती कर कापायचा हे या वर्गावर ठरतं. नवरा-बायकोला इथे आपोआप चार-चार असा वर्ग मिळतो. मग कुणीतरी काका सांगतात, "तीन-पाच करा, हातात जास्त येतं." नवऱ्याला तीन, तुला पाच. घरात दर महिन्याला थोडे जास्त पैसे येतात, पण तुझ्या पगारपत्रकावरचा निव्वळ पगार एकदम खाली जातो. वर्षाअखेर रिटर्न भरल्यावर दोघांचा मिळून कर तेवढाच होतो. मात्र बेकारी भत्ता आणि पालकत्वाचा भत्ता म्हणजे एल्टर्नगेल्ड, दोन्ही तुझ्या निव्वळ पगारावर मोजतात. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. एल्टर्नगेल्ड निव्वळ उत्पन्नाच्या साधारण ६५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,८०० युरो. वर्ग बदलायचा तर बाळंतपणाची रजा सुरू होण्याच्या किमान सात महिने आधी. भारतात कमावलेला पगार या हिशेबात धरत नाहीत.

बाकी संरक्षण चोख आहे. प्रसूतीआधी सहा आणि नंतर आठ आठवडे रजा, गरोदरपणात आणि नंतर चार महिने काढून टाकायला बंदी, अगदी प्रोबेशनमध्येसुद्धा. ठरावीक मुदतीचं कंत्राट मात्र तारखेला संपतंच. मुलाखतीत गरोदर आहेस का हे विचारायला परवानगी नाही, आणि विचारलं तर खोटं सांगितलंस तरी त्यावरून नोकरी काढून घेता येत नाही.

कंपनी कशी ओळखायची? जाहिरातीत पदाच्या नावापुढे 'एम/डब्ल्यू/डी' दिसेल, म्हणजे पुरुष/स्त्री/इतर. ते २००६ च्या भेदभावविरोधी कायद्यामुळे सगळेच लिहितात, त्यावर जाऊ नकोस. वेबसाइटवरच्या हसऱ्या बायकांच्या फोटोंवरही नको. मुलाखतीत विचार: गेल्या वर्षी या टीममधल्या किती पुरुषांनी पालकत्वाची रजा घेतली? अर्धवेळ काम करणारा एखादा टीम लीड आहे का? ऑन-कॉल, म्हणजे रात्री-सुट्टीला सिस्टिम बिघडली तर धावायची पाळी, कशी वाटता? आमचा लीड रोज तीनला कीटात जातो, कॅलेंडरवर तसा ब्लॉक असतो, आणि त्या वेळेत कुणी मीटिंग टाकत नाही. अशा टीममध्ये बाईला वेगळं काही मागावंच लागत नाही. आणि एचआरशिवाय तिथल्या एखाद्या बाई इंजिनिअरशी बोलायला मिळेल का, हेही विचार. टाळाटाळ झाली तर समजून जा.

बायकांच्या टेक ग्रुपबद्दल माझं मत जरा कडक आहे. पॅनेल, चर्चा, जांभळे फुगे, यातून नोकरी मिळत नाही. जिथे हातानं काम होतं तिथे जा. पायथन वापरणाऱ्या बायकांच्या पायलेडीज गटाच्या कार्यशाळा चांगल्या. बायकांना वेब प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या जँगो गर्ल्सची पहिली कार्यशाळा २०१४ साली बर्लिनलाच झाली. स्थलांतरितांना संगणकाची कामं शिकवणाऱ्या रेडी स्कूलची म्युनिकलाही शाखा आहे, तिथे शिकायला नाही तरी शिकवायला जा. ओळखी त्यानंच होतात. जुन्या लेखांत टेकमधल्या बायकांच्या 'विमेन हू कोड'चं नाव दिसेल, ती संस्था २०२४ मध्ये बंद झाली. आणि ऑफिसनं तुला 'विमेन्स नेटवर्क' चालवायला दिलं तर ते वर्षाच्या उद्दिष्टांत लिहून घे. माझ्या एका जुन्या कंपनीत दोन वर्षं ते काम आम्ही तिघींनी संध्याकाळी केलं आणि अप्रेझलमध्ये त्याची एक ओळ नव्हती. त्याच काळात शेजारच्या टेबलावरचा मनुष्य जुनी सिस्टिम नव्यावर हलवायचं काम करून सीनिअर झाला.

जर्मन शीक. इंग्रजीवर नोकरी मिळते, वर चढताना अडतं. भाषा आणि इथल्या समाजाची ओळख करून देणारा, सरकारी अनुदानाचा ७०० तासांचा इंटिग्रेशन कोर्स आहे, पण त्याच्या नादात अर्ज करायचे थांबवू नकोस. अर्ज भारतातूनच सुरू कर, सध्याची नोकरी चालू असतानाच.

आणि नवऱ्याला त्याची पालकत्वाची रजा, एल्टर्नत्साइट, समजून घ्यायला सांग. मूल आठ वर्षांचं होईपर्यंत ती दोघांनाही वेगवेगळी मिळते. तुमच्या मुलीच्या वयाला भत्ता मिळणार नाही, म्हणजे बिनपगारी. पण तुझी नोकरी सुरू होईल तेव्हा प्रोबेशन संपलेला नवरा दोन महिने त्या बुटक्या खुर्चीवर बसू शकतो. मुलगी तीनची व्हायच्या आत घ्यायची असेल तर कंपनीला सात आठवडे आधी कळवावं लागतं, तीननंतर घ्यायची तर तेरा आठवडे आधी.