जळगावात एजन्सीकडून बाळ सांभाळायला बाई ठेवली तर किती पडते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुमची मुलगी सात महिन्यांची, दोघंही नोकरीला, सासू-सासरे पारोळ्याकडे शेतीत अडकलेले. एजन्सीवाला म्हणतोय, "पगार १२ हजार आणि एका महिन्याचं कमिशन, बस." त्या 'बस'च्या पुढे काय असतं ते मला माहीत आहे, म्हणून लिहिते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये माझी बाळंतपणाची रजा संपली, तेव्हा मुलगा सहा महिन्यांचा होता. आमचं ठरलं ते असं: सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, रविवारी सुट्टी, पगार ११,०००. नोंदणीचे ५००, कमिशन ११,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,९८०. बाईने उंबरा ओलांडायच्या आधीच १३,४८० गेले. करार ११ महिन्यांचा, म्हणजे महिन्याला सव्वाबाराशे नुसते एजन्सीचे. बाई पिंप्राळ्याहून शेअर रिक्षाने यायची, जाऊन-येऊन ४० रुपये, ते आम्ही द्यायचो. दिवाळीला एक पगार जास्तीचा. सगळं मिळून ११ हजारांची बाई आम्हाला महिन्याला सव्वाचौदा हजारांना पडली. दुपारचं जेवण आणि दोन वेळचा चहा यात धरलेला नाही. घरात चार भाकरी होतात तिथे पाचवी, तिचा काय हिशेब मांडायचा.

तुमच्या १२ हजारांना हाच हिशेब लावा, साडेपंधराच्या आसपास जाल. पुण्यात माझी मामेबहीण बारा तासांच्या बाईला २२ हजार देते, त्यामानाने आपण सुखी.

जीएसटीचं एक बघून घ्या. एजन्सी फक्त बाई मिळवून देत असेल तर कर कमिशनवर लागतो, पगारावर नाही. आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या एजन्सीला नोंदणी सक्तीची नसते. नोंदणी नसेल तर तिला जीएसटी मागताच येत नाही. पावतीवर नंबर आहे का बघा, नसेल तर ती रक्कम देऊ नका. आम्ही नंबर विचारला तेव्हा दिला. दुसऱ्या एका ठिकाणी विचारला तर साहेब चहा सांगायला उठले.

नर्सिंग ब्युरोवाले वेगळे. ते रोजावर बाई देतात, पेशंटसाठी देतात तशीच. आम्हाला १२ तासांच्या ड्युटीचे रोज ६०० सांगितले होते, महिन्याचे १८ हजार. त्यातले बाईच्या हातात ४०० पडतात, हे आमच्या वरच्या मजल्यावर आजोबांना सांभाळायला येणाऱ्या मावशीनेच सांगितलं. शिवाय आज एक बाई, परवा दुसरी. ऑपरेशन झालेल्या माणसाचं त्यावर भागतं. सात महिन्यांच्या पोरीला रोज नवा चेहरा दाखवून चालणार नाही.

आता खरी गोष्ट. पहिली बाई तेविसाव्या दिवशी आलीच नाही. फोन बंद. करारात '११ महिन्यांत दोन फ्री रिप्लेसमेंट' लिहिलेलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. नवी बाई यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत माझी आई अमळनेरहून आली, ती यायच्या आधी दोन दिवस मी बिनपगारी घरी बसले. फ्री म्हणतात ते हे.

दुसऱ्या मावशी चांगल्या होत्या. दुपारी मुलगा झोळीत, झोळीची दोरी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला, आणि त्या खाली बसून कळण्याची भाकरी अन् ठेचा खात बसलेल्या. घास तोंडात जातोय आणि पाय आपला हलतोच आहे. पहिल्या पगाराला मी पाचशेच्या बावीस नोटा त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या खाली फरशीवर मांडल्या, अकरा उचलून पिशवीत टाकल्या आणि उरलेल्या अकरा माझ्यापुढे धरल्या. "ताई, ह्या एजन्सीवालाले फोनवर धाडी द्या." त्यांच्याकडे साधा फोन होता.

मी विचारलं, कशाचे? तर म्हणाल्या, पहिल्या महिन्याचा अर्धा पगार त्याचा असतो, सगळ्यांचाच कापतो. म्हणजे माझ्याकडून ११ हजार घेतलेच होते, वर मावशींकडून साडेपाच हजार. पहिल्या बाईकडूनही घेणार असतील. ती पगाराच्या तोंडावरच का पळाली ते मला तेव्हा कळलं. आणि 'फ्री रिप्लेसमेंट' माझ्यासाठी फ्री, एजन्सीला नव्या बाईकडून पुन्हा अर्धा पगार. बाई टिकली तर करार संपेपर्यंत एजन्सीला काही मिळत नाही, बदलली तर मिळतं. मग ती टिकावी म्हणून कोण झटेल? सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही, पण विचारायला काय जातं.

त्या दिवशी मी पैसे पाठवले नाहीत. एजन्सीवाल्याशी फोनवर चांगलंच वाजलं. शेवटी तो दोन हजारांवर आला आणि ते मी माझे दिले. मूर्खपणा म्हणा हवं तर, पण महिनाभर माझं पोर जिने सांभाळलं तिच्या समोर मला ते बघवेना.

म्हणून सही करण्याआधी हे लिहून घ्या: बाईच्या पगारातून एजन्सी काही कापणार नाही, पगार तुम्ही थेट बाईलाच देणार. कमिशन दोन हप्त्यांत द्या, अर्धं सुरुवातीला, अर्धं दोन महिने झाल्यावर. आमच्या एजन्सीने नाही-नाही म्हणत शेजारणीला हे करून दिलंय. आठ दिवसांची ट्रायल मागा, तेवढ्या दिवसांचा पगार बाईला द्यायचाच. आणि बाई मध्येच गेली, दुसरी इतक्या दिवसांत आली नाही, तर कमिशनमधले किती परत मिळणार तो आकडा लिहून घ्या. 'लवकरात लवकर' हा शब्द करारात ठेवू नका.

'पोलीस व्हेरिफिकेशन झालंय' म्हणून आम्हाला दाखवली ती आधार कार्डाची झेरॉक्स. त्याला व्हेरिफिकेशन म्हणत नाहीत. फोटो आणि कागद घेऊन आम्हीच पोलीस स्टेशनला माहिती देऊन आलो.

एक मात्र मनापासून सांगते. आमच्याकडे आधी एक मुलगी आणली होती, धडगावकडची, चोवीस तास राहणारी, ७ हजारांत. 'अठरा पूर्ण' म्हणाले. माझ्या भाचीएवढी दिसत होती, आणि भाची तेव्हा आठवीत होती. स्वस्त वाटलं तरी अशा वेळी दारातूनच परत पाठवा. १४ वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणं गुन्हा आहे, आणि एजन्सीने आणली म्हणून ठेवणारा सुटत नाही. अठराचा पुरावा कागदावर बघा.

तुमच्यापैकी कोणाच्या कंपनीत ५० किंवा जास्त माणसं आहेत का? बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा ठिकाणी पाळणाघराची सोय देणं बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येता येतं. एचआरला लेखी विचारा. आमचं ऑफिस एकोणीस जणांचं, त्यामुळे माझा विषयच संपला.

अकरा महिने झाल्यावर एजन्सीचा फोन आला, रिन्यूअलचे ११ हजार. बाई तीच, घर तेच, पोर तेच. करारात बारीक अक्षरात ते होतं आणि मी वाचलेलं नव्हतं. घासाघीस करून निम्मे दिले. तुम्ही ते कलम आधीच खोडायला लावा.

आणि हो, बाईचं माहेर कुठलं आणि ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिकडे जाते का, हे पहिल्याच दिवशी विचारा. आमच्या मावशी २०२३ च्या आखाजीला साक्रीकडे माहेरी गेल्या त्या आठ दिवसांनी उगवल्या. सणाच्या रजेला एजन्सी रिप्लेसमेंट देत नाही, आणि आखाजीला बाईला माहेरी जाऊ नको म्हणायची माझी तरी हिंमत नाही. त्या आठवड्याची स्वतःची रजा ऑफिसात आत्ताच टाकून ठेवा.